सैतान, फ्रीडा आणि कॅफेचा मालक

जिथे सज्जनपणाचे ठेके आधीच वाटून झालेले असतात, तिथे सत्य बोलायला लेखकाला सैतानच बोलवावा लागतो. मिखाईल बुल्गाकोव यांनी ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या रशियन कादंबरीत हेच केले. १९२८ साली लिहायला घेतलेल्या या कादंबरीचा पहिला खर्डा त्यांनी १९३० साली स्वतःच जाळला आणि १९४० साली मृत्यू येईपर्यंत ते ती पुन्हा लिहीत राहिले. मासिकातून ती छापून आली १९६६-६७ मध्ये, तीही कात्री लागून.

वोलांद नावाचा हा सैतान मॉस्कोत येतो तो प्राध्यापक म्हणून. (आम्हा प्राध्यापकांची ही प्रतिष्ठा!) सोबत व्होडका पिणारा, बोलणारा काळा बोका. गृहसमितीचा अध्यक्ष लाच घेतो, ती त्याच्याच घरात परकीय चलन होऊन सापडते. वोलांद कुणाला बिघडवत नाही. जागा, पद आणि लेखकसंघाच्या खानावळीतले जेवण यांसाठी माणसे आधीच बिघडलेली आहेत. तो ज्या बिऱ्हाडात उतरतो तिथली माणसे तर तो येण्याच्या कितीतरी आधीपासून एकेक करून नाहीशी होत होती. स्टालिनच्या काळातल्या वाचकाला याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. हसता हसता अंगावर काटा येतो तो इथे.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीराजाची बाजू मांडली. म्हणून आपले विद्यार्थी वोलांदलाही चटकन आपला मानतात. मला हे मान्य नाही. बळी लुटला गेला आणि लुटणाऱ्यांनीच त्याला दैत्य ठरवले. वोलांद स्वतःच एक सत्ता आहे, आणि सत्तेला असतात तशी त्याच्याकडेही खाती आहेत.

ती खाती उघडी पडतात फ्रीडामुळे. फ्रीडा कॅफेत काम करणारी पोरगी. मालकाने तिला कोठीत बोलावले. पुढे मूल झाले. त्याला खाऊ घालायला काही नव्हते, म्हणून तिने तोंडात रुमाल कोंबून ते मारले. मेल्यानंतर तीस वर्षे तोच रुमाल रोज तिच्या उशाशी ठेवला जातो. आमच्या घरात पुस्तके आली ती माझ्यापासून, पण ही गोष्ट आमच्या आयाबायांना पुस्तकावाचून कळेल.

सैतानाच्या मेजवानीत मार्गारिटा विचारते, मग मालकाचे काय? बोका कायद्याचा किस काढतो : रुमाल काही मालकाने कोंबला नव्हता. मार्गारिटा त्याच्या कानात नखे रुतवते. नंतर एक वर मागायची वेळ येते, तेव्हा प्रियकराला बाजूला ठेवून ती फ्रीडाची सुटका मागते. वोलांद म्हणतो, दया हे माझे खाते नव्हे, तूच कर. ती करते. त्या बाईच्या उशाचा रुमाल दुसऱ्या बाईच्या शब्दाने हटतो.

कॅफेच्या मालकाला मात्र त्या मेजवानीचे आमंत्रणही नाही. कादंबरीत त्याचे नावसुद्धा येत नाही.