अपघाताची वही ठेवणारी गाडी

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहराच्या आसपास एखाद्या व्होल्वोला मोठा अपघात झाला, की पोलीस आणि रुग्णवाहिकेच्या मागोमाग कंपनीची माणसेही तिथे पोचतात. मध्यरात्र असो की बर्फ पडत असो. टायरच्या खुणा मोजायच्या, बॉनेट किती आत गेले, दरवाजा उघडतो का, पट्टा किती ताणला गेला, हे टिपून घ्यायचे. पुढे पोलिसांचा अहवाल मिळवायचा, जखमींच्या परवानगीने दवाखान्यातले कागद पाहायचे, बोलण्याच्या स्थितीत असतील त्यांच्याशी बोलायचे. गरज पडली तर चुरगळलेली गाडीच प्रयोगशाळेत आणून ती सुटी करायची. हे काम १९७० पासून चालू आहे. अशा ४० हजारांहून अधिक गाड्यांच्या आणि त्यांत बसलेल्या ७० हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी कंपनीकडे जमल्या आहेत. २०१९ मध्ये त्यांतून निघालेले ज्ञान कंपनीने सगळ्यांसाठी खुले केले.

व्होल्वो म्हणजे जाड पत्र्याची दणकट गाडी, ही ख्याती जगभर आहे. मला तिचे खरे बळ या नोंदवहीत दिसते. नुसत्या जाड पत्र्याने माणूस वाचत नाही. गाडीचे नाक चुरगळले पाहिजे, म्हणजे धडकेचा जोर तिथेच खर्ची पडतो. माणसे बसतात तो सांगाडा मात्र जागचा हलता कामा नये. कुठे मऊ आणि कुठे कठीण, हे ठरवायचे तर खऱ्या रस्त्यावर खऱ्या माणसांचे काय झाले ते माहीत हवे.

सुरुवात अगदी साधी होती. आसार गॅब्रियलसन हे विक्रीतले माणूस आणि गुस्ताफ लार्सन हे इंजिनिअर. दोघांच्या ओळखीचा धागा म्हणजे एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी कंपनी, आणि तिच्याच पाठबळावर १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली गाडी गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. मागच्या आसाचे गिअर उलटे बसवल्यामुळे आदल्या चाचणीत ती पुढे जाण्याऐवजी मागे गेली, असे तिथे अजून सांगतात. उघड्या टपाची ती गाडी स्वीडनच्या थंडीत फारशी खपली नाही. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीला तारले ते ट्रकांनी. पण खडबडीत रस्ते, सहा-सहा महिने हिवाळा आणि अंधारातून अचानक समोर येणारी एल्क नावाची मोठी हरणे, हे सगळे गृहीत धरूनच गाडी बांधायची, ही शिस्त तिथेच लागली. एल्कचे पाय लांब असतात. गाडी पायांना धडकते आणि काही क्विंटलचे धूड बॉनेटवरून थेट काचेवर येते. म्हणून काचेच्या बाजूचे खांब आणि टपाची कड यांकडे स्वीडिश इंजिनिअरांचे लक्ष पहिल्यापासून राहिले.

१९५०च्या दशकात गुन्नार एंगेलाउ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्या नात्यातले कोणी अपघातात दगावले होते, आणि तेव्हाच्या पट्ट्यातली खोट त्यांच्या मनाला लागली होती, असे म्हणतात. १९५८ मध्ये त्यांनी नील्स बोलिन यांना कंपनीत आणले. बोलिन त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांसाठी वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणारी यंत्रणा तयार करत होते. जिवासाठी वैमानिक कितीही पट्टे अंगावर आवळून घेतो, कारमधला माणूस मात्र क्षणभराची गैरसोयही सोसत नाही, हे त्यांनी ओळखले. खरा प्रश्न तोच होता.

तोवर पट्टे नव्हते असे नाही. नुसता कमरेचा पट्टा लावला तर धड पुढे झुकून डोके डॅशबोर्डवर आपटे. दुसऱ्या प्रकारात बक्कल पोटावर येई आणि धडकेत तेच आत रुते. बोलिन यांनी एक पट्टा मांडीच्या वर, ओटीपोटाच्या हाडावरून घेतला आणि दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका. दोन्ही एकत्र आणले ते शरीरावर नाही, तर सीटच्या बाजूला, खाली. त्यामुळे जोर पोटाच्या मऊ भागावर न पडता कमरेच्या हाडावर आणि बरगड्यांवर वाटला जातो, आणि दोन्ही पट्टे एकाच हाताने, एकाच ओढीत लागतात. हाताच्या त्या एका ओढीत बोलिन यांची सगळी प्रतिभा आहे, असे मला वाटते. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसवलेली पहिली गाडी, पीव्ही ५४४, क्रिस्तियान्स्ताद या गावच्या विक्रेत्याकडे पोचली.

त्या शोधाचे पेटंट कंपनीकडे होते. प्रत्येक पट्ट्यामागे पैसे घेता आले असते. व्होल्वोने ते इतर कारखानदारांना मोफत वापरू दिले. आज कुठल्याही कारमध्ये, मग ती मारुती असो की टाटा, आपण जो पट्टा ओढून लावतो तो मुळात हाच. तरीही लोकांना पटवणे सोपे गेले नाही. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसे अगदी कमी वेगाच्या धडकेतही दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९५ किलोमीटरच्या खालच्या धडकेत एकही दगावला नव्हता. त्यानंतर वाद घालायला जागा उरली नाही.

महाराष्ट्राला हा हिशेब फार उशिरा आणि फार दुःखद रीतीने कळला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. दोघे मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या सीटवरची दोघे गंभीर जखमी झाली, पण वाचली. मागच्या प्रवाशानेही पट्टा लावायचा हा नियम आधीपासून होता. मुंबईत पोलिसांनी त्याची अंमलबजावणी करायची ठरवली ती १ नोव्हेंबर २०२२ पासून. आजही आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत मागच्या सीटची बक्कले नव्या सीटकव्हरखाली गेलेली असतात. शोरूममधून गाडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात कव्हर घालणारा ती दाबून टाकतो आणि मालकाला ते खटकतही नाही.

मुलांच्या बाबतीत स्वीडन आणखी पुढे गेला. बर्टिल आल्डमन या स्वीडिश वैद्यकीय संशोधकाने अमेरिकी अंतराळवीर यानात पाठीवर भार घेऊन कसे बसतात ते पाहिले आणि मुलांची सीट उलटी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची कल्पना मांडली. १९६४ मध्ये तिचा नमुना व्होल्वोत तपासला गेला. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड, मान मात्र कोवळी. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या मुलाचा सगळा भार मानेवर येतो. उलटे बसलेल्या मुलाची पाठ, मान आणि डोके सीट एकदम झेलते. तिथे चारेक वर्षांची होईपर्यंत मुले अशीच बसतात. आपल्याकडे पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून ‘पप्पा, हॉर्न वाजवा’ म्हणणारे मूल हे अजून रोजचे दृश्य आहे. ते पाहताना माझा जीव खालीवर होतो.

मालकांच्या मनात घर केले ते २४० या मॉडेलने. १९७४ ते १९९३ अशी एकोणीस वर्षे ती बनत राहिली आणि २८ लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. यान विल्सगोर्ड यांनी रेखलेली तिची सरळसोट, काटकोनी चण पाहून अमेरिकेतल्या चाहत्यांनी तिला लाडाने ‘वीट’ म्हटले. १९७६ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा विभागाने नव्या नियमांसाठी मापदंड ठरवताना हीच गाडी अभ्यासाला घेतली. त्याच सुमारास ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा एकत्र बसवून तिने कॅलिफोर्नियाचे कडक प्रदूषण नियमही पाळून दाखवले. स्टेशन वॅगनच्या डिकीत मागे तोंड केलेली आणखी एक छोटी सीट मिळे. मागच्या गाडीतल्या अनोळखी माणसांना हात हलवत केलेले प्रवास त्या पिढीतल्या मुलांना, आता ती पन्नाशीला आली तरी, आठवतात.

या गाडीचे गुण-दोष मालकांना तोंडपाठ आहेत. आठ व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांचा टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत. गाडी थांबते, नवा बेल्ट चढवला की चालू लागते. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रातले प्लास्टिकचे छोटे दातेरी चाक मात्र हमखास तुटते. मग आकडा एका जागी थांबतो आणि गाडी पुढे वर्षानुवर्षे धावत राहते. म्हणून जुनी २४० घेणारा जाणकार आकड्यावर विश्वास ठेवत नाही, पेडलवरचे रबर किती झिजले ते पाहतो. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळते आणि सगळा जुडगा बदलावा लागतो. हीटरचा पंखा तर डॅशबोर्डच्या इतका आत आहे की तो बदलायला अख्खा दिवस जातो. आधी पंखा ठेवला आणि मग त्याभोवती गाडी बांधली, असे तिचे मेकॅनिक म्हणतात. एवढे करूनही लोक तिला सोडत नाहीत, कारण तिचे पोट उघडून काय बिघडले ते घरच्या गॅरेजात कळते.

अशा नावाला एकदा जबरदस्त ठेच लागली, आणि ती दिलीच कंपनीच्या लोकांनी. १९९० मध्ये अमेरिकेत व्होल्वोची एक जाहिरात आली. महाकाय चाकांचा ट्रक ओळीने उभ्या गाड्यांवरून जातो, बाकी सगळ्या चेपतात, व्होल्वो तेवढी उभी राहते. चित्रीकरणासाठी त्या व्होल्वोला आतून लाकूड आणि पोलादाचे आधार दिले होते आणि इतर गाड्यांचे खांब कमकुवत केले होते, हे टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने उघड केले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, दंड झाला, जाहिरात संस्थेला काम सोडावे लागले. मला हा प्रसंग साधी लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. ज्या कंपनीने वीस वर्षे रस्त्यावर बसून खरे आकडे टिपले, तिच्या नावावर खोटा पुरावा उभा केला गेला. त्या नोंदी टिपणाऱ्या इंजिनिअरांना तेव्हा काय वाटले असेल?

सुदैवाने त्या नोंदींचे काम थांबले नाही. मागून धडक बसल्यावर मानेला हिसका बसण्याचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त असतो, हे त्यांतूनच ठळक झाले. जगभर चाचण्यांसाठी वापरले जाणारे पुतळे मात्र बहुतेक सरासरी पुरुषाच्या बांध्याचे होते. १९९८ मध्ये आलेल्या एस८० या गाडीत धडकेबरोबर मागे सरकून पाठ आणि मान एकत्र झेलणारी सीट होती आणि खिडकीवर पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅगही. गरोदर बाईच्या शरीराचा संगणकीय पुतळाही कंपनीने तयार केला.

मालकांत एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे विज्ञान शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये लाल व्होल्वो पी१८००एस घेतली. घेतली त्याच शनिवार-रविवारात ती इतकी फिरवली की सोमवारी पहिल्या सर्व्हिसिंगसाठी हजर. शाळेत जायला-यायला रोज दोनशे किलोमीटर. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्या एकाच गाडीने ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पुरे केले. इंजिन इतक्या प्रवासात मोजक्याच वेळा उघडावे लागले. गॉर्डन यांचे गुपित विचारले तर ते तेल वेळेवर बदलण्याबद्दल आणि गाडीबरोबर मिळणारे पुस्तक नीट वाचण्याबद्दल बोलत. २०१८ मध्ये चीनच्या दौऱ्यावर असताना ते वारले.

१९९९ मध्ये कारचा व्यवसाय फोर्डकडे गेला आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीकडे. ट्रक आणि बसची कंपनी वेगळी राहिली, पण नाव आणि ग्रीलवरची तिरकी पट्टी दोघींची एकच. बंगळुरूजवळ होसकोट्याला बनलेल्या त्या बसमुळेच महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोचले. दादर-पुणे शिवनेरीत बसलेल्या बहुतेकांनी या नावाची कार कधी पाहिलीही नसेल.

नव्या व्होल्वोत माणूस मरू नये किंवा गंभीर जखमी होऊ नये, हे २०२० पर्यंत साधायचे, असे कंपनीने जाहीर केले होते. ते पूर्ण साधले असे म्हणता येत नाही. त्याच वर्षापासून, काही गिऱ्हाइके जातील हे माहीत असून, सगळ्या गाड्यांचा वेग ताशी १८० किलोमीटरवर बांधला. मला हा निर्णय त्या पेटंटच्या तोडीचा वाटतो.

आणि जुन्या गाड्यांचे पुढे काय होते? स्वीडनच्या खेड्यांत त्या पंधरा वर्षांच्या पोरांच्या हाती जातात. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे कारचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत आवळून, मागे केशरी-लाल त्रिकोण लावून ती ट्रॅक्टर म्हणून चालवता येते, आणि त्यासाठी मोपेडचे लायसन्स पुरते. बस दिवसातून दोनदाच येणाऱ्या गावात शाळेला, कामाला, मित्राकडे जायचे साधन तेच. थंडगार गॅरेजात बाप-लेक मिळून गंजलेला पत्रा कापतात, वेल्डिंग करतात. त्यासाठी २४०, ७४० आणि ९४० या मॉडेलांना मोठी मागणी आहे. पुढे दोन सीट, मागे कापून केलेला छोटा हौदा, आणि त्या हौद्यात पूर्वी दाटीवाटीने बसलेली असे मित्रमंडळी. अशा गाड्यांची संख्या वाढली, तसे अपघातही वाढले. ऑगस्ट २०२३ पासून सरकारने प्रत्येकाला स्वतःची सीट आणि पट्टा सक्तीचा केला. दोन सीटच्या गाडीतल्या तिसऱ्या मित्राला आता दुसऱ्या कुणाची गाडी शोधावी लागते.