वही सुंदर आहे, पण वाचता येतं का?



मागच्या महिन्यातली गोष्ट. गटाची बैठक संपली होती, चहा चालला होता. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी तिसरीत आहे. ताईने कौतुकाने तिची वही सगळ्यांना दाखवली. अक्षर खरंच मोत्यासारखं. पान न् पान भरलेलं, खाली बाईंची लाल सही. कुणीतरी सहज आपल्या वार्तापत्राचा जुना अंक तिच्या हातात दिला आणि म्हणालं, "बाळा, ह्या दोन ओळी वाच बरं." मुलगी "ग… ट…" एवढं म्हणाली आणि गप्प झाली. आईकडे बघायला लागली.

ताईचा चेहरा उतरला. घरी जाताना ती मला म्हणाली, "मग रोज एवढी पानं भरते, ते काय असतं गं?"

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळ जणींचा आहे, म्हणून हा लेख.

लिहिणं वेगळं, उतरवणं वेगळं

फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं बघून वहीत उतरवणं हे रांगोळी काढण्यासारखं आहे. ठिपके बघायचे, रेषा जोडायच्या. हात आणि डोळे काम करतात, पण त्या अक्षराचा आवाज काय हे माहीत नसलं तरी चालतं. वाचताना मात्र अक्षर बघून आवाज आठवावा लागतो, मग आवाज जोडून शब्द करावा लागतो आणि शब्दाचा अर्थ लावावा लागतो.

मराठीत हे टप्प्याटप्प्याने येतं. आधी साधी अक्षरं: घर, नळ, मगर. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा: काका, मीठ, फूल, शेळी. शेवटी जोडाक्षरं: रस्ता, पुस्तक, ज्वारी. मूल बहुतेक वेळा ह्यातल्या एका पायरीवर अडकतं. कुठल्या पायरीवर अडकलंय ते कळलं की अर्धं काम झालं. "हिला काहीच येत नाही" असं म्हणून उपयोग नाही.

कुठल्या इयत्तेत काय यायला हवं?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी पूर्ण करेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित करता यावं, हा त्याचा हेतू आहे. त्यात ठरवलेलं थोडक्यात असं:

- पहिली: न शिकवलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचणं. ९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं, सोपी बेरीज-वजाबाकी.
- दुसरी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं. ९९९ पर्यंत संख्या, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी.
- तिसरी: मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं. ९,९९९ पर्यंत संख्या, सोपे गुणाकार.

एखादं मूल ह्याच्या थोडं मागे असेल तर घाबरू नका. पण वर्ष-दोन वर्ष मागे असेल तर वाट बघत बसू नका. तिसरीनंतर परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच समजून घ्यावं लागतं. वाचता येत नसलं की सगळेच विषय अवघड होतात.

आपल्याला वाचता येत नसलं तर कसं तपासायचं?

आपल्या गटात अंगठ्यावरून सहीवर आलेल्या ताया आहेत. त्यांनाही तपासता येतं.

१. पुस्तक मधूनच उघडा. धडा पाठ असलेलं मूल सुरुवातीपासून धडाधडा म्हणतं. मधल्या ओळीवर बोट ठेवून "इथून वाच" म्हणा. पाठ केलेलं असेल तर ते अडखळतं.

२. चित्र हाताने झाका. पुष्कळ मुलं चित्र बघून अंदाजाने बोलतात.

३. न शिकवलेलं काही द्या. बिस्किटाच्या पुड्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, आपल्या ह्या वार्तापत्रातलं.

४. वाचून झाल्यावर विचारा, "काय झालं त्यात? कोण कोण होतं?" सांगता आलं तर समजून वाचलं.

तपासताना मारू नका, हिणवू नका. शेजारच्या पोराशी तुलनाही नको. भीती बसली की येत असलेलंही तोंडातून निघत नाही.

सदतीस की त्र्याहत्तर?

संख्यांची एक गंमत लक्षात घ्या. मराठीत आपण 'सदतीस' म्हणतो, म्हणजे सात आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. लिहिताना मात्र ३ आधी, ७ नंतर. म्हणून लहान मुलं ३७ च्या जागी ७३ लिहितात. तो मठ्ठपणा नव्हे. हाच घोळ कमी व्हावा म्हणून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तीस सात' असं वाचायची पद्धत आली होती. तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. मुलाने 'तीस सात' म्हटलं तर चुकलं म्हणून ओरडू नका, "म्हणजेच सदतीस" असं सांगा.

ह्यात तर आपण बायका पक्क्या आहोत. दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची सात नाणी मुलासमोर ठेवा. मग दहाच्या सात नोटा आणि तीन नाणी ठेवा. कुठे जास्त पैसे आहेत, हे मूल लगेच सांगेल. दशक-एकक म्हणजे दुसरं काही नाही.

परिपाठ, बाल आनंद मेळावा हा वेळेचा नाश नाही

"शाळेत आज नुसता खेळ झाला" अशी आपली तक्रार असते. पण परिपाठात मूल चार लोकांसमोर उभं राहून दिनविशेष वाचतं, बातमी सांगतं. बाल आनंद मेळाव्यात भेळ विकताना पन्नासच्या नोटेचे सुटे परत देतं. परसबागेत मेथी पेरून किती दिवसांनी उगवली ते मोजतं. हे सगळं शिकणंच आहे. अशा दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू नका. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, आपल्याच हातून होतं.

पास झाली म्हणजे आलं, असं नाही

प्रगतिपुस्तकात श्रेणी असते. चौथीपर्यंत मूल नापास होत नाही, वरच्या वर्गात जात राहतं. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल पास झालं नाही तर पुन्हा एक संधी मिळते, आणि त्यातही झालं नाही तर त्याच वर्गात राहावं लागू शकतं. पाचवीत जाऊन जागं होण्यापेक्षा दुसरी-तिसरीतच बघितलेलं बरं.

शाळेत काय विचारायचं?

"आमचा कसा आहे?" असं विचारलं की "चांगला आहे" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: "बाई, हिला काना-मात्रा येतात का? जोडाक्षरात अडते का? घरी रोज काय करून घेऊ?" शिक्षकांनाही असा पालक हवा असतो. एका बाईंकडे दोन-दोन वर्ग असतात, प्रत्येक मुलाकडे रोज लक्ष पोचतंच असं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या गावच्या समितीत त्या महिला कोण आहेत? त्या बैठकीला बसतात, की वही घरी येते आणि सही होते? ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर विचारा.

आपल्या गटाने काय करावं?

आमच्या गटाने एवढंच ठरवलं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा तास, एका ओसरीवर मुलं जमतात. आठवी-नववीच्या दोन मुली ऐकायला बसतात. प्रत्येक मूल मोठ्याने वाचतं. महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा विषय झाला की पाच मिनिटं ह्यावर बोलतो. खर्च काही नाही.

ती तिसरीतली मुलगी आता काना-वेलांटीचे शब्द वाचते. जोडाक्षर आलं की अजून थांबते. पण परवा दळण घेऊन येताना तिने आईला पाटी वाचून दाखवली, "आई, पिठाची गिरणी." ताई सांगत होती, वही बघून झाला नव्हता एवढा आनंद त्या तीन शब्दांनी झाला.

आज संध्याकाळी चूल पेटवताना मुलाला जवळ बसवा. पुस्तक मधूनच उघडा आणि म्हणा, "इथून वाच."