न दुखणारी गाठ

अंगावर कोठे काही उठले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुखतंय का?" उत्तर 'होय' आले की धावपळ सुरू होते. हळद होते, पोटीस होते, शेवटी डॉक्टरही होतात. उत्तर 'नाही' आले की "मग जाईल आपोआप" असे म्हणून घर पुन्हा आपल्या कामाला लागते. केसतोड आणि गळू यांच्या बाबतीत हा न्याय ठीक आहे. परंतु त्वचेचा एक कर्करोग असा आहे की त्याच्यापुढे हा न्याय साफ उलटा पडतो.

मर्केल पेशींचा कर्करोग हे त्याचे नाव. वाचकांपैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही वर्षाकाठी त्याचे जेमतेम अडीच-तीन हजार रोगी निघतात आणि आपल्याकडे तर तो फारच विरळ. मग मराठीच्या प्राध्यापकाने त्याच्या वाटेला का जावे? कारण आमच्या महाविद्यालयातले गणिताचे एक प्राध्यापक. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

फ्रीड्रिख मर्केल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७५ साली कातडीतल्या काही पेशींचे वर्णन केले आणि त्यांना 'स्पर्शपेशी' म्हटले. बोटांच्या टोकांत त्या दाटीने असतात. डोळे मिटूनही कापड सुती की रेशमी हे कळते, ते बरेचसे त्यांच्या कृपेने. पुढे १९७२ साली सिरिल टोकर यांनी पाच रोग्यांच्या गाठींवरून त्वचेच्या एका नव्या कर्करोगाची नोंद केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींतल्या पेशी मर्केलच्या पेशींसारख्या दिसल्या, म्हणून रोगाला ते नाव पडले. मौज अशी की, हळुवार स्पर्शाचीही वर्दी देणाऱ्या पेशींचे नाव ज्याला मिळाले, तो रोग स्वतः मात्र कसलीच वर्दी देत नाही. तो खरोखर त्याच पेशींतून निघतो की नाही, याचीही आता शंका आहे. पण नाव एकदा चिकटले ते चिकटले!

गाठ दिसते कशी? लालसर किंवा जांभळट, टणक, वर आलेली. बहुधा चेहरा, मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी, आणि बहुधा पन्नाशीच्या पुढे. २००८ साली १९५ रोग्यांची बारकाईने पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील शेकडा ८८ जणांची गाठ दुखत नव्हती आणि शेकडा ६३ जणांची तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढली होती. निम्म्याहून अधिक गाठी तर डॉक्टरांनाही प्रथमदर्शनी निरुपद्रवीच वाटल्या होत्या. तेव्हा 'दुखतंय का' यापेक्षा 'वाढतंय का' हा प्रश्न येथे मोलाचा.

आता जगण्या-मरण्याच्या हिशेबाकडे येऊ. अमेरिकेतील ९,३८७ रोग्यांची नोंद तपासून २०१६ साली एक गणित मांडले गेले. गाठ जेथे उठली तेथेच असताना रोग सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरातले ५१ हयात होते. जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचला असेल तर ३५, आणि दूरच्या अवयवांत गेला असेल तर अवघे १४. हे आकडे वाचून कोणी दचकू नये. यांतले बरेचसे रोगी वयोवृद्ध होते, म्हणजे काहींचा मृत्यू हृदयविकाराने वा दुसऱ्या कशाने झालेला असणार, आणि नोंदी अलीकडची औषधे येण्यापूर्वीच्या आहेत.

गाठीचा आकार, म्हणजे ती दोन सेंटिमीटरच्या आत की बाहेर, याला महत्त्व आहेच. पुरुषांची गत बायकांपेक्षा काहीशी वाईट, हेही दिसते. पण खरी किल्ली लसिकाग्रंथींत. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येते, ते या ग्रंथींचेच सुजणे. या रोगात मात्र ग्रंथी वरून चाचपून अगदी निरोगी वाटतात, आणि त्यांतली पहिली काढून तपासली की सुमारे एकतृतीयांश रोग्यांत तिच्यात कर्करोग दडलेला सापडतो. म्हणूनच गाठ कापून काढताना ही ग्रंथी तपासण्याचा आणि नंतर त्या जागी किरण देण्याचा आग्रह असतो. रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. तेवढा काळ डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

याच हिशेबात एक चमत्कारिक गोष्ट आहे. काही रोग्यांच्या ग्रंथीत कर्करोग सापडतो, पण कातडीवर मूळ गाठ कोठेच मिळत नाही. वाटेल की यांची अवस्था अधिक बिकट असावी. प्रत्यक्षात अशांपैकी शेकडा ४२ पाच वर्षे जगले. मूळ गाठही आहे आणि ग्रंथीही हाताला लागते आहे, अशांपैकी मात्र शेकडा २७च. याचा उलगडा असा दिला जातो की, त्यांच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनीच मूळ गाठ खाऊन टाकलेली असते. क्वचित एखादी गाठ तुकडा काढल्यानंतर आपोआप विरूनही जाते.

पहारेकरी म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांचा येथे एवढा अधिकार का, याचे उत्तर २००८ साली पिट्सबर्गला मिळाले. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेने या गाठींत एक नवा विषाणू शोधून काढला. तपासलेल्या दहा गाठींपैकी आठांत तो होता. हा विषाणू काही दुर्मिळ नाही. बहुतेक प्रौढ माणसांच्या कातडीवर तो निमूट नांदत असतो. ऑस्ट्रेलियात चित्र निराळे आहे. तेथे विषाणूपेक्षा गोऱ्या कातडीवर वर्षानुवर्षे पडलेले ऊनच बहुतेक गाठींना कारण होते. समुद्रकिनाऱ्याची गाणी गाणारा अमेरिकन गायक जिमी बफे १ सप्टेंबर २०२३ रोजी ७६व्या वर्षी वारला तो याच रोगाने, चार वर्षे झुंजून.

विषाणूमुळे असो वा उन्हामुळे, या गाठीतल्या पेशी शरीराला परक्या दिसतात, आणि पहारा जागा असेल तर त्या ओळखल्या जातात. पहारा दुबळा असला की काय होते? रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांपैकी शेकडा ७४ जण तीन वर्षांनंतरही या रोगाच्या तावडीतून वाचलेले होते. ती क्षीण झालेल्यांपैकी शेकडा ४० फक्त. माझ्या मते या रोगाविषयीचा सर्वांत बोलका आकडा हाच.

औषधांची दिशाही त्यानेच बदलली. पूर्वीच्या रसायनांनी गाठी विरघळत, पण काही महिन्यांत परत येत. नवी औषधे कर्करोगाला हात न लावता पहारेकऱ्यांच्या पायांतली बेडी काढतात. २०१६ साली पहिल्या २६ रोग्यांवर पेम्ब्रोलिझुमॅबचा प्रयोग झाला, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या गाठी आटल्या. २०१७च्या मार्चमध्ये अ‍ॅव्हेलुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. सर्वांना गुण येतो असे नव्हे, पण ज्यांना येतो त्यांच्यापैकी अनेकांत तो वर्षानुवर्षे टिकतो.

आता आमचे गणिताचे प्राध्यापक. त्यांना धाकट्या बहिणीने आपले मूत्रपिंड दिले आहे. ते परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून पहारा मुद्दाम झोपवणाऱ्या गोळ्या त्यांना जन्मभर घ्यावयाच्या आहेत. अशा माणसांना त्वचेचे कर्करोग, आणि त्यांत हाही, अधिक होतात. म्हणून दर भेटीला डॉक्टर त्यांचे हात, मान, कान पाहतात, आणि क्रीडास्पर्धांच्या दिवशी आमचे हे गृहस्थ मैदानावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी घालून उभे असतात. विद्यार्थी हसतात; तेही हसतात.

एकदा मी त्यांना नव्या औषधांविषयी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, पहारेकऱ्यांची बेडी काढली की ते आधी कोणावर धावतील?" प्रश्न बिनतोड होता. जागा झालेला पहारा कर्करोगाला ओळखील तसा बहिणीच्या मूत्रपिंडालाही परका समजेल, आणि ते निकामी होण्याची भीती खरीच असते. तेव्हा अशा रोग्याला ते औषध द्यावे की नाही, गोळ्या किती कमी कराव्यात, मूत्रपिंड गेलेच तर पुन्हा डायलिसिसवर जगण्याची तयारी आहे का, हे डॉक्टर आणि रोगी यांना प्रत्येक वेळी समोरासमोर बसून ठरवावे लागते.