मधाची बाटली : कोणाला, किती आणि केव्हा?

मराठी घरात मधाची बाटली दोन जागी आढळते. एक देवघराजवळ, पंचामृतासाठी. दुसरी औषधांच्या फळीवर, खोकल्यासाठी. या दुसऱ्या जागेमुळे एक गैरसमज घट्ट बसला आहे. औषधांत ठेवलेली वस्तू सर्वांना चालतेच, असे आपण धरून चालतो. मग मधुमेह असलेले आजोबा चहातली साखर सोडतात आणि निश्चिंत मनाने त्यात मध घालतात.

मधाचा सुमारे चार पंचमांश भाग शर्कराच असते. उरलेल्यात मुख्यतः पाणी. जीवनसत्त्वे आणि खनिजे नाममात्र. मध जड असल्याने चहाच्या एका चमच्यातून जवळजवळ ६ ग्रॅम शर्करा पोटात जाते, तर साखरेच्या सपाट चमच्यातून सुमारे ४ ग्रॅम. मधाने रक्तातील साखर थोडी सावकाश वाढते, हे खरे, पण वाढते. म्हणून मधुमेहींनी मध हा साखरेच्याच हिशेबात धरावा आणि घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सकाळच्या लिंबू-मध-पाण्याने चरबी वितळते, या समजुतीलाही फारसा आधार नाही.

गंमत अशी की, याच शर्करेमुळे मध कधी मधुमेहींच्या मदतीला येतो. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलण्यात गोंधळ जाणवला आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७०च्या खाली दिसला, तर मोठा चमचाभर मध लगेच द्यावा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मात्र रुग्ण पूर्ण शुद्धीवर असला आणि त्याला नीट गिळता येत असले, तरच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

मधाचा खरा मान खोकल्यात आहे. सर्दीनंतर रात्री झोपू न देणारा कोरडा खोकला चमचाभर मधाने शमतो, हा आजीबाईंचा अनुभव आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. आल्याच्या रसाबरोबर घेतला तरी चालेल. मात्र ज्येष्ठांचे तोंड अनेकदा औषधांमुळे कोरडे असते, आणि चिकट मध दातांवर राहिला की कीड लागते. तेव्हा नंतर चूळ भरायला विसरू नये. खोकला तीन आठवड्यांपेक्षा लांबला, रक्त पडले किंवा धाप लागली, तर मधावर विसंबून दिवस घालवू नयेत.

आयुर्वेदात मध हे अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचे ते. चरकसंहितेने तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे. उष्णतेने मधातील विकरे नष्ट होतात, हे रसायनशास्त्रही सांगते. काढा उकळत असताना त्यात मध ओतू नये. कोमट झाल्यावर घालावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी असतो : शय्याव्रणावर मध लावावा का? काही जखमांवर मधाची मलमपट्टी वापरतात, पण तो मध विशेष प्रक्रियेने निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातला मध जखमेवर, विशेषतः मधुमेहीच्या पायाच्या जखमेवर, लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. नवजात नातवंडाच्या जिभेवर मधाचे बोट लावण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामागची माया कोणी नाकारणार नाही. तरी ही रीत आता सोडावी. मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ या जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि विष निर्माण करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणे क्षीण होते, मान सैल पडते, पुढे श्वासही अडखळतो. मध उकळला तरी ही बीजे मरत नाहीत. बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही, हे आजी-आजोबांनीच सांगितले तर घरात वाद उरत नाही.

खरेदी करताना पाण्यात धार सोडणे किंवा कागदावर थेंब टाकणे या चाचण्यांवर विसंबू नये. पाकाची भेसळ त्यांना सहज चकवते. मध थिजून दाणेदार झाला म्हणजे तो नकली, असेही नाही. ग्लुकोजचे स्फटिक होतात, इतकेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पातळ होतो. साताऱ्यातील महाबळेश्वर परिसराची मधासाठी ख्याती आहे. तेथील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. अशा ठिकाणच्या मधपाळांकडून किंवा खात्रीच्या दुकानातून, लेबल वाचून मध घ्यावा. शीतकपाटाची गरज नाही; झाकण घट्ट लावावे आणि चमचा कोरडा असावा.