अँपला फ्यूज आहे, मग बॅटरीजवळ दुसरा कशाला?

मंडळी, गाडीत सबवूफर बसवायचा म्हटलं की आपण पहिलं विचारतो, ‘किती वॅटचा?’ आज आपण दुसरं विचारू: एवढी वीज जाणार कुठल्या वायरीतून?

हिशेब साधा आहे. अँप्लिफायर खरोखर ५०० वॅट देत असेल आणि घेतलेल्या विजेतली २० टक्के त्याच्यातच उष्णता होऊन जात असेल, तर तो बॅटरीकडून ६२५ वॅट ओढणार. त्याला साडेबारा व्होल्टने भागा: ५० अँपिअर! घरी २३० व्होल्टवर याच कामाला तीन अँपिअरही लागले नसते.

म्हणून घरातली अडीचची वायर इथे चालत नाही. बोनेटपासून डिकीपर्यंत ती पाच मीटर टाकली, तर पूर्ण लोडवर पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात आणि ८५ वॅटच्या वर उष्णता वायरीत होते. त्यात आपल्या देवळीच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी आधीच भट्टी झालेली असते. अस्सल तांब्याची १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर घट पाव व्होल्टच्या आसपास येते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण ती आणखी जाड घ्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट. अँपचा फ्यूज अँपसाठी आहे; मधली पाच मीटर वायर कोण सांभाळणार? गाडीची सगळी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात वायर घासली, आवरण सोललं, की थेट शॉर्ट. करंट अँपपर्यंत पोचतच नाही. तिथला फ्यूज शाबूत राहतो आणि इकडे शेकडो अँपिअरने वायर पेटते. किल्ली काढलेली असली तरी, बरं का! म्हणून ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत, आणि भोकात रबरी बुश.

काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायचं, जोडायचं सगळ्यात शेवटी. अर्थची वायर तेवढीच जाड, जमेल तितकी आखूड, रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट बोल्टने. स्टीरिओची बारीक रिमोट वायर अँपला द्यायची, म्हणजे स्टीरिओ बंद झाला की अँपही बंद. ऑडिओची केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची.

काम मिस्तरीने केलं असेल, तरी एकदा बोनेट उघडून बघा. जाड वायरीवर, बॅटरीजवळ फ्यूज दिसतो का? नसेल, तर नुसता आवाज बंद ठेवून भागत नाही. ती वायर आजच बॅटरीवरून सोडवा. गाणी काय, उद्याही ऐकता येतील.