डागल्यावर बैल उठतो, बरा होत नाही

अर्धापूरच्या केळीच्या आणि हळदीच्या पट्ट्यात आजही अनेकांच्या दावणीला लाल कंधारी किंवा देवणी जनावर असतं. त्यातलं एखादं वैरण सोडून मान टाकून उभं राहिलं, की आधी ठरतं ते असं: "दुखत असतं तर लाथा झाडल्या असत्या, हंबरला असता. आळसावलाय नुसता."

हा समज निम्माच खरा आहे. पोटशूळ उठल्यावर जनावर पोटावर लाथा मारतं, ऊठबस करतं, हे खरं. पण खोलवरची वेदना पुष्कळदा जनावराला गप्प करते. वैरणीतून गेलेली तार किंवा खिळा जाळीपोटाच्या भिंतीत रुतला, तर ते पाठ कमानीसारखी करतं, पुढचे कोपर बाहेर काढतं, उतारावर पाय टाकायला कचरतं. रवंथ थांबतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फारसं अंतर नाही. तार पुढे सरकली तर थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोचते.

ही गप्पगारी मस्तिष्कस्तंभातून येते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी 1942 सालीच वेदनेवरच्या ग्रंथात फरक मांडला होता: कातडीच्या वेदनेने माणूस झटकन हलतो, नाडी वाढते, स्नायू वा आतल्या अवयवाच्या वेदनेने तो निपचित होतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मळमळतं. पुढे सिडनी विद्यापीठात केविन के आणि रिचर्ड बँडलर यांनी उंदरांमध्ये यामागची जागा दाखवली. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला, मध्यमस्तिष्कात, द्रव वाहणाऱ्या बारीक नळीभोवती करड्या पेशींचा थर असतो. त्याच्या बाजूच्या पट्ट्यातल्या पेशी चेतवल्या की प्राणी पळतो किंवा अंगावर येतो, रक्तदाब चढतो. त्याखालचा पट्टा चेतवला की तो स्थिर होतो, रक्तदाब आणि ठोके उतरतात. कातडीची तडक वेदना पहिल्या पट्ट्याला जागवते, स्नायूंची आणि अवयवांची दुसऱ्याला. अर्थात कातडी आणि आतडी अशी काटेकोर वाटणी नाही. ज्या वेदनेपासून पळून सुटका नाही, तिला हा दुसरा पट्टा उत्तर देतो, असं म्हणणं जास्त बरोबर. प्रत्यक्ष गोठ्यात मात्र नाडीवर विसंबू नये. ताप आला, पोट फुगलं किंवा अंगातलं पाणी कमी झालं, तर ठोके उलट वाढतात.

आता डागण्याकडे बघा. तापलेल्या सळईचा चटका बसताच बसलेला बैल उठतो आणि "गुण आला" असं सगळे म्हणतात. तो उठला कातडीच्या वेदनेने. तार होती तिथेच आहे. या उपायाचा टिकाव लागला तो बहुधा या एका दृश्यामुळे. वर जखम चिघळते ती वेगळीच.

बर्डिझो चिमट्याने केलेल्या खच्चीकरणाबद्दलही असाच भ्रम आहे: रक्त नाही, म्हणजे वेदना नाही. कातडी शाबूत राहते, पण आतली शुक्रदोरी आणि रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. गोऱ्हा नंतर पाय फाकवून, जागचा न हलता उभा राहतो, तो दुखण्यामुळे. भूल आणि वेदनाशामक मागायला लाजू नका.

एक आक्षेप रास्त आहे: मस्तिष्कस्तंभ हलला म्हणजे प्राण्याला दुःख जाणवलंच, असं सिद्ध होत नाही. वुडवर्थ आणि शेरिंग्टन यांनी 1904 साली मोठा मेंदू काढलेल्या मांजरांमध्येही वेदनेच्या प्रतिक्रिया पाहिल्या होत्या. पण तुमच्या बैलाचा मोठा मेंदू जागेवर आहे, आणि वेदनाशामक दिल्यावर गुरं पुन्हा चरू लागतात, हलू लागतात. मला तरी एवढा पुरावा पुरेसा वाटतो.

वेदनाशामकही मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नये. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. मेलॉक्सिकॅम हा त्याला पर्याय आहे, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. तेव्हा रवंथ थांबलं, पाठ वाकली आणि जनावर गप्प झालं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सळई तापवू नका.