आगगाडीचा हलका पाट

चिमुकल्या आगगाडीचा संसार मांडायचा म्हटला, की सर्वांचे लक्ष इंजिनाकडे, डब्यांकडे, सिग्नलांकडे जाते. रुळांखालच्या फळीचा विचार शेवटी होतो. वास्तविक हा छंद पुष्कळदा मोडतो तो या फळीपाशीच. जाड फळीवर हौसेने रूळ ठोकले जातात, डोंगर-बोगदे उभे राहतात. आणि घर बदलण्याची किंवा शाळेच्या प्रदर्शनाला नेण्याची वेळ आली, की तो सारा पसारा जिन्याच्या वळणावर अडतो. मग हाती करवत घ्यावी लागते!

पुण्याचे भाऊ जोशी यांना ही अडचण चांगलीच ठाऊक होती. त्यांनी प्रथम सुटी करून नेता येईल अशी आगगाडीची मांडणी तयार करून तिची प्रदर्शने भरविली. ती उकलणे, वाहून नेणे, पुन्हा जुळविणे हा खटाटोप फार झाला, तेव्हा कायमची जागा करण्याचे ठरले, आणि १९९८ साली कोथरूडला त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय उघडले. प्रत्येकाला असे दालन बांधणे कोठून जमणार? तेव्हा आपण पाटच असा करावा, की तो काखोटीला मारून नेता येईल.

आधी प्रमाणाचा हिशेब पाहू. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात खरी वस्तू ८७ पटींनी लहान होते. या मापाने कोल्हापूर–मिरज हा १८९१ सालचा लोहमार्गसुद्धा सुमारे साडेपाचशे मीटर लांब होईल! म्हणून सबंध मार्गाचा हव्यास सोडून एखादे स्थानक घ्यावे. आपले कोल्हापूर या कामी सोयीचे, कारण येथे मार्ग संपतो. गाडी येते, थांबते, परत फिरते. वर्तुळाकार रुळांची गरज नसल्याने अरुंद पाट पुरतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद असे दोन-तीन तुकडे जोडले, की काम भागते.

आता मुख्य मुद्दा. मजबुती हवी तर लाकूड जाड हवे, अशी आपली समजूत असते. घरातील फूटपट्टी घ्या. आडवी धरून दाबली तर ती सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, हलणार नाही. पट्टी तीच, वजन तेच. बदलली ती उंची. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, असा हा नियम आहे. खुद्द रुळाचा छेद पाहा. वर डोके, खाली पाय, मध्ये उभी पातळ भिंत. कमी लोखंडात ताठपणा साधण्याची ही युक्ती आहे.

हीच युक्ती पाटाला लावू. चार फूट बाय दोन फुटांची १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी सुमारे आठ किलो भरते. त्याऐवजी ९ मिलिमीटर प्लायच्या ७५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या कडेवर उभ्या लावाव्यात. लांबीच्या अशा दोनच पट्ट्यांचे वजन एक किलोच्या आसपास, पण त्यांचा ताठपणा त्या आठ किलोंच्या फळीच्या दुपटीहून अधिक! या पट्ट्यांची चौकट करून मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात, त्यांना तारा ओवण्यासाठी आधीच भोके पाडावीत, आणि वर ४ मिलिमीटर प्लाय फेव्हिकॉलने चिकटवावे. त्यावर इंचभर जाडीचा, छपराखाली उष्णता रोखण्यासाठी वापरतात तो फोमचा तक्ता बसवावा. तो कापून ओढे-टेकड्या काढता येतात. मात्र फोमवर थिनर असलेला गोंद वा रंग लावू नये, तो विरघळतो. असा सारा पाट साडेचार-पाच किलोंत बसतो.

दोन पाटांचा सांधा हे खरे नाजूक काम. या गाड्यांच्या चाकाची कड एका मिलिमीटरच्या आसपासच खोल असते. सांध्यावर रूळ तेवढा वरखाली झाला, तरी गाडी घसरलीच म्हणून समजा. यासाठी शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून एकाच वेळी भोके पाडावीत. पितळी खुंट्यांनी जागा नेमकी ठरते, आणि हाताने फिरविता येणाऱ्या नटबोल्टांनी पाट घट्ट राहतात. रूळ आधी दोन्ही पाटांवर सलग घालावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंस पितळी स्क्रूंना झाळून पक्का करावा, आणि मग बारीक करवतीने कापावा. शेवटी पाणसळ ठेवून पाहावे.

आपल्याकडील पावसाळाही विसरून चालत नाही. लाकूड दमट हवेत फुगते. एकाच बाजूला व्हार्निश दिले तर दुसरी बाजू ओल पिते आणि पाट वाकतो. म्हणून वर, खाली, कडांना, भोकांतही व्हार्निश द्यावे.

एवढे केले, की एका पोराने एक टोक आणि दुसऱ्याने दुसरे धरून पाट जिन्यावरून उतरवावा. आज शाळेत, उद्या वाचनालयात, परवा मामाच्या गावी अशी ही गाडी हिंडेल. चार लोकांनी पाहिली, तर तिच्यावरची मेहनत सत्कारणी लागली.